संकलकाचे निर्णय आणि त्यांचा प्रवास : दिल्लीतील दृश्यमाध्यमांची एक दुर्लक्षित बाजू

दोन संकलक वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर काम करत असले, की त्यांच्यात दोन निराळ्या गोष्टींची देवाणघेवाण होते : कॅमेऱ्याने टिपलेले फुटेज, आणि त्यातील कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घेऊन कशापुढे ठेवायचा याविषयीचे निर्णय. फुटेज हार्ड डिस्कवरून जसेच्या तसे जाते. निर्णय मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने नोंदवते, त्यामुळे ते वाटेत गळतात. नोएडाच्या फिल्म सिटीतील वृत्तवाहिन्या आणि दिल्लीतील स्वतंत्र माहितीपटकार यांच्या कामात ही गळती नित्याची आहे, तरीही संकलनकलेच्या चर्चेत तिला स्थान मिळालेले नाही.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी दूरदर्शनचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. पुढे टेपवर संकलन होऊ लागले, तेव्हा कट टेपवरच उमटत असे आणि ती टेप त्याच प्रकारच्या कोणत्याही यंत्रावर चाले. निर्णय स्वतंत्रपणे पाठवण्यासाठी सीएमएक्स 3600 या नमुन्याची ‘ईडीएल’, म्हणजे कटांची साध्या अक्षरांतील यादी, प्रचलित झाली आणि ती आजही वापरात आहे. तिच्या एका ओळीत कटाचा क्रमांक, टेपचे नाव, चित्र की ध्वनी याची खूण, सरळ कट की डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणे) हे सांगणारे अक्षर आणि चार टाइमकोड असतात. टाइमकोड म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम यांनी दिलेला प्रत्येक चित्राचा पत्ता. या नमुन्यात टेपच्या नावाला आठच अक्षरांची जागा आहे आणि चित्राचा एकच ट्रॅक बसतो.

टेपसाठी पुरेशी असलेली ही चौकट मेमरी कार्डाच्या काळात अपुरी पडते. अनेक छोटे कॅमेरे नवे कार्ड घातल्यावर पुन्हा ‘सी0001’पासून नावे देऊ लागतात आणि टाइमकोडही शून्यावर आणू शकतात, अशा वेळी सोमवारचा आणि गुरुवारचा शॉट यादीत एकसारखेच दिसतात आणि दुसरे सॉफ्टवेअर मुलाखतीच्या जागी निःशंकपणे रस्त्यावरची रहदारी आणून बसवते. भारतीय प्रसारणाची गती सेकंदाला 25 फ्रेमची आहे, तर मोबाइलवरचे चित्रण बहुधा 30च्या आसपास, तेही कमीजास्त होणाऱ्या गतीने होते. त्यामुळे नागरिकांनी टिपलेल्या दृश्यांत ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

ध्वनीसाठी एएएफ आणि चित्रासाठी एक्सएमएल हे नंतरचे नमुने अधिक ट्रॅक व अधिक तपशील वाहून नेतात; तरी सरळ कट जितके सुखरूप पोहोचतात, तितके बदलत्या गतीचे शॉट, शीर्षके आणि रंगसंस्कार पोहोचत नाहीत. 2011 साली ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे संकलनाचे सॉफ्टवेअर आणले, तेव्हा आधीच्या फायनल कट 7चे प्रकल्प त्यात उघडत नव्हते. पुढे 2017च्या मॅक प्रणालीवर ते जुने सॉफ्टवेअर चालेनासे झाले. ज्या माहितीपटांचे निर्णय केवळ त्या प्रकल्पात राहिले, त्यांचे फुटेज शाबूत असूनही संकलन पुन्हा उघडणे अवघड झाले. पिक्सारने खुला केलेला ओपनटाइमलाइनआयओ हा नमुना आशादायक आहे, कारण तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. परंतु एखाद्या सॉफ्टवेअरचा खास इफेक्ट दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवणे त्यालाही शक्य नाही.

दिल्लीतील वजिराबादेत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांवरील शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (2022) या माहितीपटाचे संकलन डेन्मार्कच्या शार्लोट मुंक बेंगट्सन आणि वेदांत जोशी यांनी केले. दिल्लीचा विषय आता असा दोन देशांतील संकलकांच्या हातांतून जाऊ शकतो, आणि अशा सहकार्याचा पाया सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीवर उभा राहतो : चित्रीकरणाच्या दिवशीच प्रत्येक फाइलला एकमेव नाव देणे, मोबाइलचे चित्रण प्रथम स्थिर गतीच्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी फाइलमध्ये बदलणे, कट पक्का झाल्यावर गुंतागुंतीचे इफेक्ट वेगळ्या ट्रॅकवर ठेवणे, आणि सोबत टाइमकोड उमटवलेली संदर्भफाइल पाठवणे, जेणेकरून पुढच्या संकलकाला आपली टाइमलाइन, म्हणजे शॉटांची क्रमवार मांडणी, तिच्याशी कट न् कट ताडून पाहता येईल.

ही सारी जबाबदारी सहायक संकलकावर पडते. अंदाजपत्रकात मात्र तिच्यासाठी वेगळे दिवस क्वचितच राखले जातात. हे काम तांत्रिक हमाली मानणे ही चूक आहे, कारण संकलकाने दोन शॉटांमध्ये राखलेली अर्ध्या सेकंदाची शांतता हरवली, तर हरवतो तो अर्थच. जामिया मिलिया इस्लामियाचे 1982 साली स्थापन झालेले जनसंवाद केंद्र आणि राजधानी परिसरातील इतर संस्था यांनी देवाणघेवाणीची ही पद्धत संकलनाच्या अभ्यासक्रमाचा परीक्षेत तपासला जाणारा भाग करावी, आणि माहितीपटांना निधी देणाऱ्यांनी पूर्ण झालेल्या चित्रपटासोबत खुल्या नमुन्यातील टाइमलाइनही जमा करून घ्यावी.