मोकळ्या घरांतील भाऊबंदकी

मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमीचा सुधारणा-पुरवठा थांबविला, तेव्हांपासून सुशिक्षित घरांत एक जुनाच प्रश्न नव्यानें ऐकूं येऊं लागला आहे. यंत्र चालतें आहे, कळफलक शाबूत आहे, मुलांचा अभ्यास व वडील मंडळींचीं पत्रें त्यावर बिनतक्रार होत आहेत. परंतु विंडोज ११ ला तें पसंत नाहीं. त्यांत ‘टीपीएम २.०’ नाहीं किंवा त्याचा प्रोसेसर ठरलेल्या यादींत बसत नाहीं, एवढाच त्याचा अपराध. अशा वेळीं एखादा पुतण्या म्हणतो, “काका, लिनक्स घाला.” लगेच दुसरा विचारतो, “पण कोणतें?” या दुसऱ्या प्रश्नापाशींच पुष्कळांचा उत्साह मावळतो. आम्ही आज बोलणार आहों तें या ‘कोणतें’विषयींच.

लिनक्स हें नांव काटेकोरपणें ज्या वस्तूला लागू पडतें, ती वापरणाराच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना लीनस टॉरव्हाल्ड्स यांनीं कार्यप्रणालीचा जो गाभा लिहिला, त्याचें तें नांव. त्याच्याहि आधीं, १९८३ सालीं, रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ ही योजना जाहीर केली होती; आज्ञावलीची मूळ संहिता कोणासहि वाचतां यावी, बदलतां यावी व वांटतां यावी, हें तत्त्व त्यांचें. पण पडद्यावर जें दिसतें, त्या खिडक्या, त्या याद्या, ती तळाची पट्टी, तें घड्याळ, तें या दोघांपैकीं कोणाचेंच नव्हे. त्याला डेस्कटॉप म्हणतात, आणि तो एक नसून अनेक आहेत. विंडोजच्या घरांत वाढलेल्या माणसास हें चमत्कारिक वाटतें. घर घेतल्यावर दारें कोणत्या सुताराचीं हवींत असें कोणीं विचारावें, तसें त्याला होतें. आमच्या मतें मात्र हा सुतारांच्या मालांतला फरक नव्हे. माणसानें काम कसें करावें याविषयीं प्रत्येक डेस्कटॉपांत एक मत दडलेलें आहे, आणि मत म्हणूनच त्याची परीक्षा झाली पाहिजे.

१९९६ च्या ऑक्टोबरांत टुबिंगेन विद्यापीठांतील माथियास एट्रिख यांनीं ‘केडीई’ची हांक दिली. युनिक्सवरील प्रत्येक कार्यक्रमाचा चेहरा वेगळा, वागणूक वेगळी. सामान्य माणसाला तें सारें एकाच घरांतलें वाटावें, हा त्यांचा हेतु. हेतु उत्तम, परंतु बांधकामासाठीं त्यांनीं घेतलेलें ‘क्यूटी’ हें साहित्य ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीचें होतें व त्याचा परवाना त्या वेळीं पुरता मुक्त नव्हता. मोकळ्या घराचा पाया परक्याच्या मालकीचा असावा हें ज्यांना खपेना, त्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या तरुणांनीं १९९७ च्या ऑगस्टांत ‘ग्नोम’ सुरू केला. पुढें २००० सालीं क्यूटीहि ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखालीं आलें आणि भांडणाचें मूळच नाहींसें झालें. पण वांटणीचें कारण मिटलें म्हणून दोन चुली पुन्हां एक झाल्याचें आपल्याकडे तरी कोणीं पाहिलें आहे? ती वांटणी तशीच राहिली, आणि दोन्ही घरांचे स्वभाव दिवसेंदिवस परस्परांपासून दूरच गेले.

ग्नोमची प्रकृति संन्याशाची. २००२ च्या सुमारास त्या प्रकल्पांतील हॅव्हॉक पेनिंग्टन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, वापरणारास दिलेल्या प्रत्येक निवडीला किंमत असते: ती कोणाला तरी सांभाळावी लागते, तपासावी लागते, आणि वापरणारालाहि ती करण्याचा ताप होतोच. हा विचार आम्हांस आजहि पटतो. ग्नोम २ त्यावरच उभा राहिला व लोकांस मानवला. परंतु एप्रिल २०११ मध्यें ग्नोम ३ आला, तो मात्र मुंडन करूनच. तळाची पट्टी गेली, खिडकी खालीं दडविण्याचें बटण गेलें, कामाची सारी चालच बदलली. केवढा गहजब झाला! अर्जेंटिनांतील एका वापरणारानें जुना ग्नोम २ उचलून ‘माटे’ या नांवानें निराळा चालू ठेवला. केडीईवर रुसून पूर्वीं ग्नोमकडे आलेले लीनस त्याच वर्षीं ग्नोमला जाहीर बोल लावून ‘एक्सएफसीई’कडे गेले. कांहीं काळानें ते पुन्हां ग्नोमकडे परतले, ही गोष्ट मात्र ग्नोमचे टीकाकार सहसा सांगत नाहींत.

आमचें मत असें कीं, ग्नोमचें चुकलें तें वस्तू काढून टाकण्यांत नव्हे. सवय हीहि एक विद्या आहे, आणि ती लोकांच्या हातांत असते, याचा त्या मंडळींस विसर पडला. दहा वर्षें बोटांनीं गिरविलेलें एका सकाळीं पुसून टाकावयाचें आणि वर ‘तुम्हांला नवें नको असतें’ म्हणावयाचें, ही शिक्षकाची वृत्ति नव्हे, ती परीक्षकाची. तरी पण न्याय करावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गेले सहा महिने आम्हीं ग्नोमवरच लेखन केलें आणि तो रिकामा, अबोल पडदा आमच्या मनास गोड वाटूं लागला. एक कळ दाबली कीं सर्व खिडक्या ओट्यावर पत्ते पसरावे तशा समोर येतात; पुन्हां दाबली कीं आपण व आपला कागद. ज्याला पडद्यावर फाइलींचीं चित्रें मांडावयाचीं आहेत, त्याला बाहेरची पुरवणी जोडावी लागते व नवी आवृत्ति आली कीं ती पुरवणी पुष्कळदां मोडते. हा छळ निष्कारण आहे.

केडीईच्या घरांत याच्या उलट. तें भरलेल्या कोठारासारखें आहे. मागावें तें मिळतें. पट्टी वर घ्या, बाजूला घ्या, दोन करा. रंग, सावल्या, कळा, सर्व तुमच्या स्वाधीन. जानेवारी २००८ मध्यें त्यांनीं ४.० ही आवृत्ति अर्धीकच्ची बाहेर काढली आणि नांव घालविलें. तें परत मिळवावयास त्यांना पुष्कळ वर्षें लागलीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें आलेली ‘प्लाझ्मा ६’ आम्हीं पाहिली. ती चपळ आहे, देखणी आहे, आणि विंडोजवरून येणारास पहिल्या दिवशीं परकी वाटत नाहीं. तरी एक खोड गेली नाहीं. आलेला प्रत्येक लेख छापणारें मासिक जसें असतें, तसें हें आहे. मजकूर चांगला असतो, पण नाकारणारा संपादक कोठें दिसत नाहीं. एका साध्या गोष्टीसाठीं आम्हीं तीन निरनिराळ्या पानांवर शोध घेतला आणि चौथ्यावर ती सांपडली.

एक्सएफसीईविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं, आणि हीच त्याची स्तुति. ४.१२ ही आवृत्ति २०१५ सालीं आली, ४.१४ आली २०१९ सालीं. चार वर्षांत कोणाचें कांहीं अडलें नाहीं. जुन्या, थकलेल्या यंत्राला तें मानवतें. घरगुती वाचकानें आम्हांस सल्ला विचारलाच, तर आम्ही लिनक्स मिंटचा ‘सिनॅमन’ सांगूं. २०११ च्या त्याच गहजबांतून तोहि जन्मला, पण जन्मतःच शहाणा निघाला. आमच्या आत्याबाईंच्या यंत्रावर आम्हीं तो घातला. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं पत्त्यांचा डाव कोठें गेला.

पर्यायी सॉफ्टवेअरची गोष्ट जराशी अवघड आहे. लिब्रऑफिस हें या चळवळीचें भूषण होय. सन या कंपनीनें २००० सालीं संहिता मोकळी केली, २०१० सालीं ओरॅकलनें ती कंपनीच घेतली, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत काम करणाऱ्यांनीं संहिता घेऊन नवें घर केलें. मालक बदलला तरी ग्रंथ बुडाला नाहीं; मुक्त परवान्याचा अर्थ याहून सोप्या रीतीनें समजाविणें कठीण. तथापि वर्डमध्यें रचलेला कागद त्यांत उघडला कीं कोष्टकें हलतात, हें आम्ही लपविणार नाहीं. चित्रांसाठीं असलेल्या ‘गिंप’ची तर कींव येते. २०१८ च्या २.१० नंतर ३.० ही आवृत्ति आली ती मार्च २०२५ मध्यें. मूळ चित्र न बिघडवितां त्यावर संस्कार करण्याची सोय, जी धंदेवाईक सॉफ्टवेअरांत कधींचीच रुळली होती, ती येथें तेव्हां कोठें आली. फुकट आहे म्हणून दोष सांगूं नये, हें मत आम्हांस मान्य नाहीं. फुकट मिळतें म्हणूनच जे येतात, ते पहिल्या अडचणीस परत जातात, आणि जातांना निंदा करून जातात.

मग आम्ही या घरांत कां राहतों? कारण सांगतों. १९९८ पासून सुमारें आठ वर्षें आम्हीं आपलीं सारीं टिपणें एका खासगी मराठी टंकावर लिहिलीं. नवें यंत्र आलें, टंक चालेना, विकणारा बेपत्ता. फायली उघडतात, पण ‘ज्ञानेश्वर’ या नांवाच्या जागीं रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा पाचोळा दिसतो. मजकूर आमचा, किल्ली दुसऱ्याची! आज युनिकोड आहे, आणि ‘हार्फबझ’ नांवाची मुक्त यंत्रणा अक्षरांची जुळणी करते. फारसींत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर व ‘बाझ’ म्हणजे उघडें, नांवहि अन्वर्थक. ग्नोम, लिब्रऑफिस, फायरफॉक्स, इतकेंच नव्हे तर अँड्रॉइडचे फोनहि तिच्यावर अवलंबून आहेत. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला भेद पडद्यावर नीट उमटतो, त्यामागें अशा लोकांचें काम आहे ज्यांना मराठी येत नाहीं. रेड हॅट कंपनीनें ‘लोहित’ टंक मोकळे केले, आणि भाषांतराच्या कामांत तिच्या पुण्याच्या कचेरींतील मंडळींचा हात होता, हें तरी निदान पुणेकरांस ठाऊक असावें.

या मोकळ्या घरांत लबाडी शिरत नाहीं असें मात्र नाहीं. २०१२ सालीं उबुंटूच्या ‘युनिटी’ डेस्कटॉपावर घरांतली फाइल शोधूं जातां अॅमेझॉनचा माल समोर येऊं लागला; स्टॉलमन यांनीं त्यास उघड हेरगिरी म्हटलें. पुढें ती सोय आपोआप चालू राहणें बंद झालें, आणि २०१७ सालीं युनिटीचाच नाद कंपनीनें सोडला. त्याहून भयंकर प्रकार मार्च २०२४ मधला. ‘एक्सझेड’ हें फायली आवळणारें लहानसें हत्यार असंख्य लिनक्स यंत्रांवर असतें. तें एकटाच माणूस फावल्या वेळांत सांभाळीत होता. कोणी एक टोपणनांवाचा इसम सुमारें दोन वर्षें मदतनीस म्हणून वावरला, दुसऱ्या कांहीं नांवांनीं त्या थकलेल्या माणसावर ‘काम हळू चालतें, दुसऱ्याला द्या’ असा दाब आणला गेला, आणि अखेर चोरदार आंत बसविलें गेलें. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन होण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो अशी शंका आली, म्हणून तें सांपडलें. हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टमध्यें नोकरीस होते! संहिता उघडी होती म्हणून त्यांना पाहतां आली, हें खरें. पण ती उघडी असूनहि तोंवर कोणी पाहत नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

ग्नोम कीं केडीई या वादांत जी शाई खर्च होते, तिच्याकडे आम्ही यापुढें थोडें निराळ्या नजरेनें पाहतों. त्या एकट्या माणसावर दाब आणणाऱ्यांची भाषा आणि आपल्यासारख्या साध्या वापरणारांची चिडकी भाषा यांत फरक करणें त्याला शक्य झालें नाहीं. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. खुद्द लीनस यांनीं २०१८ सालीं आपल्या तिखट जिभेबद्दल क्षमा मागून कांहीं दिवस काम बाजूला ठेवलें होतें.

गेल्या महिन्यांत आम्हीं ग्नोमची भाषा मराठी करून पाहिली. निम्म्या याद्या मराठींत आल्या, निम्म्या इंग्रजींतच राहिल्या; एके ठिकाणीं तर एकाच यादींत दोन ओळी मराठी व मधली इंग्रजी. रागावून पत्र लिहावयास बसलों, तेव्हां कळलें कीं भाषांतराची यादी सर्वांस खुली आहे आणि कोऱ्या ओळींपुढें कोणाचेंहि नांव नाहीं. पत्र अर्धें टाकून आम्हीं त्यांतल्या अकरा ओळी भरल्या. बाराव्या ओळींतील एका शब्दास मराठी प्रतिशब्द अद्याप सुचलेला नाहीं.