कल्पित गाव आणि खरे तळे

रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकाची वर्गात ओळख करून देताना बहुतेक शिक्षक पहिले प्रकरण सांगतात. मीही कित्येक वर्षे तेच केले. अमेरिकेतले एक निनावी गाव. पक्षी नाहीसे झालेले, कोंबड्या अंड्यांवर बसतात पण पिल्ले निघत नाहीत, सफरचंदाला बहर येतो पण मधमाशी फिरकत नाही, खेळणारी मुले अचानक आजारी पडून दगावतात. वर्ग चिडीचूप होतो. आता मात्र मला हे पुस्तकातले सर्वांत दुबळे प्रकरण वाटते.

कारण असे गाव कुठेच नव्हते. कार्सनबाई शेवटी हे स्वतःच सांगतात: यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडली आहे, पण सगळ्या एका गावी नव्हेत. वाचक ही कबुली विसरतो आणि भीती तेवढी लक्षात ठेवतो. मोन्सॅन्टो कंपनीने त्याच वर्षी या प्रकरणाचे विडंबन काढले आणि कीटकनाशकांविना उजाड झालेल्या अमेरिकेचे तितकेच कल्पित चित्र रंगवले. भीतीला असे भीतीने उत्तर देता येते.

चौथ्या प्रकरणातल्या क्लिअर लेकचे तसे नाही. कॅलिफोर्नियातल्या या तळ्यावर गळ टाकायला येणाऱ्यांना चिलटांचा उपद्रव होई. ती चावत नसत, नुसती घोंघावत. म्हणून १९४९ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी, माशांना कमी घातक म्हणून मुद्दाम निवडून, सात कोटी भाग पाण्यात एक भाग इतके विरळ करून सोडले. (एवढी काळजी घेतली होती हे मुलांना जरूर सांगावे, गोष्टीत खलनायक शोधायची सवय सुटते.) १९५४ मध्ये पुन्हा, या वेळी पाच कोटींत एक. त्यानंतर आपल्या टिबुकलीच्या कुळातले वेस्टर्न ग्रीब हे पक्षी मरू लागले. रोग सापडेना. अखेर त्यांची चरबी तपासली, तेव्हा दर दशलक्ष भागांत १६०० भाग डीडीडी निघाले. पाण्यात सोडले होते ०.०२ भाग! मग प्लवकांत सुमारे ५ भाग सापडले, वनस्पती खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, शिकारी माशांत त्याहूनही जास्त. पूर्वी हजारावर जोड्या वीण करीत; १९६० साली तीसेक उरल्या.

आणि शेवटच्या वापरानंतर लवकरच तळ्याच्या पाण्यात डीडीडीचा मागमूसही राहिला नव्हता. विष गेले कुठे? अन्नसाखळीचे बाण काढण्याआधी हा प्रश्न फळ्यावर लिहून पाहावा. उत्तर आयते न देता पुराव्याची एकेक पायरी चढवणे ही कार्सनबाईंची खरी ताकद, आणि ती या प्रकरणात दिसते. (पातळ कवचाची अंडी मात्र या पुस्तकाच्या नावावर घालू नयेत. तो पुरावा ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये मांडला.)

हे प्रकरण शिकलेल्या मुलांना मी एकदा विचारले, आपली गिधाडे का मेली? वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘साखळीच्या टोकाला आहेत, विष साठत गेले.’’ उत्तर चूक होते, आणि दोष माझा होता. डायक्लोफेनॅक हे गुरांना देण्यात येणारे वेदनाशामक पायरीपायरीने साठत नाही. जिवंत जनावराच्या अंगातून ते थोड्याच दिवसांत निघून जाते. औषध दिल्यावर लगेच मेलेले जनावर खाल्ले, तरच गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००४ मध्ये हे कारण उघड झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एखादे इतकीच उरली.

अशी विषारी जनावरे शंभरांत एकाहूनही कमी असली तरी एवढी घट होऊ शकते, हे मुलांना पटत नाही. तेव्हा गणित करायला द्यावे. समजा, दोनशे मेलेल्या जनावरांत एक विषारी आहे आणि एक गिधाड वर्षात शंभर जनावरांवर बसते. शंभर गिधाडांपैकी वर्षअखेर साठच उरतात. आणि हा पक्षी वर्षाला अंडे घालतो एकच.