गंज आणि हातांच्या खुणा

पडक्या वास्तूंचें सौंदर्य हा रसिकतेचा जुना विषय आहे. बंद कारखान्यांचें सौंदर्य हा मात्र अलीकडच्या काळाचा. निर्जन शेडमध्यें कॅमेरा घेऊन जावें आणि गंजलेला पत्रा, फुटक्या तावदानांतून येणारें तिरपें ऊन, भिंतीवरून सुटलेले रंगाचे पापुद्रे टिपावे, ही आतां छायाचित्रणाची एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली आहे. तिचें मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावें, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला केवळ कलेचा वाटणार नाहीं. त्या पापुद्र्यांच्या आड कोणाच्या तरी वडिलांची हयात गेलेली असते.

या शाखेचें कौशल्य प्रथम मान्य केलें पाहिजे. अंधाऱ्या जागेंत तिपाईवर कॅमेरा स्थिर करून, भिंगाचें छिद्र लहान ठेवून कित्येक सेकंद प्रकाश आंत घेतला, म्हणजे जवळच्या बोल्टाच्या आट्यांपासून दूरच्या तुळईवरील कोळिष्टकांपर्यंत सारें सारख्याच स्पष्टतेनें उमटतें. परंतु स्पष्ट दिसलें म्हणून अर्थ कळलाच असें होत नाहीं. तपशिलांतही दोन जाती आहेत. गंज हें निसर्गाचें काम. ओल आणि हवा मिळाली कीं तो कोठेंही चढतो. उलट, यंत्राची मूठ ज्या बाजूस पकडून पकडून गुळगुळीत झाली, हजेरीच्या खिडकीची कड जेथें कोपरांनीं घासली, त्या खुणा माणसाच्या आहेत आणि त्या त्याच जागेच्या आहेत. पहिल्या जातीच्या तपशिलावर भाळून दुसरीकडे पाठ फिरविणें हा या शाखेचा मोठा दोष आहे, असें आम्हांस वाटतें.

दोन प्रसिद्ध उदाहरणें घेऊं. जर्मनींतील बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्यानें १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, लोखंडाच्या भट्ट्या, खाणींवरील मनोरे यांचीं छायाचित्रें घेतलीं. ढगाळ, सावली न पाडणारा प्रकाश, सरळ समोरून घेतलेलें दृश्य, एकाच जातीच्या वास्तूंची शेजारीं शेजारीं मांडणी, आणि सोबत स्थळ व साल. या कामास १९९० सालीं व्हेनिसच्या कलामहोत्सवांत पारितोषिक मिळालें, तें शिल्पकलेचें! चित्रांत माणूस नाहीं. पण वास्तूची प्रत्येक वळणरेषा एखाद्या गरजेपोटीं घडली आहे, हें पाहणाऱ्यास उमगतें.

ईव्ह मार्शां आणि रोमें मेफ्र या फ्रेंच छायाचित्रकारांचा ‘द रुइन्स ऑफ डिट्रॉइट’ हा २०१० चा संग्रह याहून अधिक मोहक आहे. कास टेक्निकल हायस्कूलच्या जुन्या इमारतींतील वितळून ओघळलेल्या घड्याळाचें त्यांचें चित्र विलक्षण आहे. तें पाहून त्या शहराचा काळच थांबला, असें मनांत येतें. वस्तुतः ती शाळा २००५ सालीं शेजारच्या नव्या इमारतींत गेली होती आणि मुलें शिकत होतीं. चित्र खोटें नाहीं. पण त्यानें जें उत्तर सुचविलें तें खोटें आहे.

हाच धोका आपल्या दाराशीं आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून एके काळीं चेतक स्कूटर बाहेर पडत असे. तेथील उत्पादन २००७ सालीं थांबलें, आणि २०२२ च्या जूनमध्यें त्याच जागीं विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. मधल्या वर्षांत घेतलेल्या चित्रांत अखेर दिसली असती. आजच्या चित्रांत केवळ प्रारंभ दिसेल. ज्या पिढीचे हात २००७ सालीं थांबले, ती दोहोंतही दिसणार नाहीं. तिला चित्रांत आणावयाचें, तर झिजलेली मूठ शोधली पाहिजे आणि चित्राखालीं नांव-साल लिहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, कलावंत हा इतिहासकार नव्हे. खरें आहे. पण रायगडावरील बाजारपेठेचे चौथरे पाहतांना आपण नुसतें शेवाळाचें कौतुक करून परततों काय? तेथें कोण बसत असे, काय विकलें जात असे, या विचारानेंच त्या दगडांस शोभा येते. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, तिचा महिमा जुना; परंतु या नगरांत माणसांची रीघ लागली ती कारखान्यांमुळें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीं स्थापन झालें, तेथून ही नवी बखर सुरू होते. तिचीं पानें फाटत असतील, तर फाटलेल्या कडा सुंदर दिसतात एवढेंच सांगणाऱ्या छायाचित्रकारानें अर्धेंच काम केलें. त्या पानांवरील अक्षरें पुसून जाण्यापूर्वीं वाचतां येतील इतकीं स्पष्ट जो टिपील, त्याच्या चित्रसंग्रहास घराघरांत जागा मिळावी.