शिवोलीच्या घरातली ध्वनिफीत

मराठी नियतकालिकांतून काव्यसंग्रहांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, प्रसंगी चित्रपटांचीही येतात; ध्वनिमुद्रिका हा मात्र टीकाकाराच्या लेखणीचा विषय आहे असे मानण्याची चाल आपल्याकडे पडलेली नाही. गाणे ऐकावे, आवडले तर गुणगुणावे, न आवडले तर यंत्र बंद करावे, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार. शब्द, सूर, गळा, वाद्ये आणि मुद्रण ही सर्व एकाच माणसाची असतील, तर त्या कृतीला ग्रंथाइतकाच एकसंध कर्ता असतो आणि तिचा विचार ग्रंथाप्रमाणेच व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते. म्हणून चाळीस वर्षांहून जुन्या अशा एका कॅसेटविषयी आज लिहीत आहोत. ती १९८४ साली गोव्यात निघाली. तिचे नाव ‘गोअन क्रेझी’ आणि तिचे कर्ते रेमो फर्नांडिस.

ती इंग्रजीत आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटावयाचे असेल त्यांना ते इथेच उलटता येईल.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ सालचा, पणजीचा. घराणे बार्देशातील शिवोलीचे. पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, १९७७ ते १९८० या काळात वाटेत मिळेल त्या वाहनाने युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, तिथल्या वाद्यवृंदांबरोबर वाजवले, आणि मग ते गोव्यात परत आले. या परतण्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्या काळी इंग्रजी गाणे गाणाऱ्या तरुणाला मुंबई हेच क्षेत्र होते. हॉटेले तिथे, कंपन्या तिथे, श्रोतेही तिथेच. तिथेही मागणी असे ती विलायती गाण्यांच्या हुबेहूब नकलेला. स्वतः रचलेले इंग्रजी गाणे घेऊन येणाऱ्या भारतीयाला कंपन्या फारसे विचारीत नसत. फर्नांडिस यांनी शिवोलीच्या वडिलोपार्जित घरातच ध्वनिमुद्रण केले. गीते त्यांची, चाली त्यांच्या, गळा त्यांचा. गिटार, बासरी आणि इतर वाद्येही त्यांनीच वाजवली. वेष्टनावरील कलाकामही त्यांचेच. कॅसेटी तयार झाल्यावर त्या आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातल्या दुकानादुकानांतून त्या त्यांनीच पोहोचत्या केल्या.

एका माणसाने इतके सारे कसे वाजवले, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि त्याचे उत्तर यंत्रात आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन्ही बाजू मिळून चार अरुंद पट्टे असतात. एक बाजू ऐकताना त्यांतले दोन वाजतात, कॅसेट उलटली की उरलेले दोन. १९७९ च्या सुमारास बाजारात आलेल्या चार-मार्गी मुद्रणयंत्रांत हे चारही पट्टे एकाच दिशेने, पण एकेक स्वतंत्रपणे भरण्याची सोय झाली. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवावी. ती कानांत ऐकत दुसऱ्यावर ठेका धरावा. दोन्ही ऐकत तिसऱ्यावर आणखी एखादे वाद्य घ्यावे. मग तिन्हींचे मिश्रण चौथ्यावर उतरवून पहिले तीन पुन्हा मोकळे करावे आणि त्यांवर बासरी, गाणे, गाण्याला आपल्याच आवाजाची साथ, असे चढवीत जावे. यात दोन अडचणी असतात. प्रत्येक उतरवणीगणिक फितीची खरखर वाढते. आणि एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे काढता येत नाही. पहिल्या थरात ठेका चुकला असेल तर तो शेवटपर्यंत चुकलेलाच राहतो. टिपणीवर टिपणी चढत गेलेल्या सरकारी फायलीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

आम्ही ही कॅसेट प्रथम ऐकली तेव्हा आम्हांस कौतुक वाटले ते या मर्यादेच्या वापराचे. अमर्याद पट्टे उपलब्ध असते तर माणूस वाद्यांची गर्दी करतो. येथे प्रत्येक वाद्याला आपल्या येण्याचे कारण द्यावे लागले आहे. बासरी येते तेव्हा गिटार मागे सरते. गळा पुढे आला की बासरी गप्प होते. घर बांधताना कोणती भिंत आधी उभी राहावी हे ज्याने शिकलेले आहे, त्याने ही गाणी बांधलेली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सर्व काही एकट्याने करणे हा गुण आहे, की नुसताच हट्ट? मराठी भावगीताची थोरवी श्रमविभागणीत आहे. कवी एक, चाल देणारा दुसरा, गाणारा बहुधा तिसरा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या ‘गीतरामायणा’त माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांचे सूर एकमेकांना इतके पूरक झाले की एकाच माणसाकडून ते साधले नसते, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. पण ही विभागणी आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांच्या सोयीने रुळली, हे विसरू नये. त्याआधीचा आपला कवी आपले पद आपणच गात होता. कीर्तनात उभे राहणारे संत, डफावर थाप मारणारे शाहीर, सवाल-जवाब रचून फडात उतरणारे पठ्ठे बापूराव, यांच्या हिशेबी लिहिणे आणि गाणे ही दोन कामे नव्हतीच. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत आणि गिरीश गावोगाव आपल्या कविता गाऊन दाखवीत. आणि ज्यांची आठवण परप्रांतस्थ मराठी माणसाने विशेष ठेवावी ते भास्कर रामचंद्र तांबे! मुंगावलीचा जन्म, देवास-इंदूर-ग्वाल्हेरच्या परिसरात गेलेले आयुष्य, संस्थानी नोकऱ्या. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसून त्यांनी अशी गीते लिहिली की रागाचा निर्देश कवितेच्या माथ्यावरच यावा. कविता त्यांना कागदावर सुचण्याआधी गळ्यात सुचत असली पाहिजे.

फर्नांडिस यांची कॅसेट या जुन्या घराण्याची आहे, आणि तिची नक्कल करता न येणारी जी गोष्ट आहे ती त्यातूनच आली आहे. जिथे ओळ अडखळते तिथे चालही अडखळते. जिथे शब्दात खोडी आहे तिथे आवाजातही आधीपासून हसू आहे. दुसऱ्याचे शब्द गाणारा गायक त्यांचा अर्थ लावतो, आणि उत्तम गायक तो उत्तम लावतो. येथे लावण्यासारखा अर्थ वेगळा उरतच नाही. संदीप खरे यांच्या गाण्यांनी या शतकाच्या प्रारंभी तरुण मराठी श्रोत्याला जे वेड लावले, त्यामागेही कवीच्याच तोंडून ऐकण्याचा हा जुना आनंद असावा.

राहता राहिला भाषेचा आक्षेप. येथे गोहलपुरात, आमच्या बिऱ्हाडी, चार मराठी कुटुंबे एकत्र जमली असता आम्ही ही गाणी लावली होती. दोन गाणी झाल्यावर हिशेब खात्यातील एका स्नेह्यांनी सौम्यपणे विचारले, “पण यात आपले काय?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही तसेच द्यावयास हवे. गोव्याने आपल्याला काय दिले असे म्हटले की आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही नावे अभिमानाने घेतो, आणि घ्यावीतच. पण हा अर्धा गोवा झाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. त्या निकालाचे शल्य आपल्यापैकी ज्येष्ठांच्या मनात दीर्घकाळ राहिले. ज्यांनी विरुद्ध मत दिले ते कोण होते, काय गात होते, घरात कोणत्या भाषेत हसत होते, याची चौकशी मात्र आपण फारशी केली नाही. ती करावयाची झाल्यास ही कॅसेट एक चांगले साधन आहे.

कारण तिची इंग्रजी विलायतेची नाही. शिवोली हे गाव जागरासाठी प्रसिद्ध आहे. नाताळानंतरच्या त्या रात्री हिंदू आणि ख्रिस्ती दोघे मिळून तो उत्सव करतात. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाची रंगभूमी, तियात्र, १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मली, आणि तिच्यात ‘कांतार’ नावाचा गीतप्रकार रुजला. कांतार लिहिणारा नट बहुधा स्वतःच ते गातो. त्यात शेजाऱ्यापासून मंत्र्यापर्यंत कोणाचीही टोपी उडवतो, आणि प्रेक्षक पुन्हा पुन्हा ते गाववून घेतात. फर्नांडिस यांच्या विनोदी गीतांची कूळकथा शोधावयास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. वाद्ये पाश्चात्त्य आहेत, भाषा इंग्रजी आहे, पण थट्टेची रीत कांतारची आहे, आणि कांतारला आपला शाहीर लगेच ओळखेल. गोव्यातील दुसरे कवी-गायक बा. भ. बोरकर याच वर्षी, ८ जुलै १९८४ रोजी, निवर्तले. बोरकर मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांत लिहीत आणि आपल्या कविता आपल्याच चालीत गात. बोरकर आणि फर्नांडिस यांच्यात धर्म, भाषा, वय, वाद्य सगळे वेगळे. पण आपल्या गावाच्या मातीपाण्यावर इतके उघड, निःसंकोच प्रेम करणारी ही दोन माणसे एकमेकांना परकी होती असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या वाचकांत सरकारी नोकरवर्ग मोठा आहे, म्हणून एक सूचना देऊन ठेवतो. या गायकाच्या थट्टेचा विषय पुष्कळदा आपणच असतो. त्याच दशकात त्यांनी टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याला उद्देशून एक गीत रचले. गोव्यातले टेलिफोन लागत नाहीत, ही त्यातली तक्रार. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना आम्ही ते ऐकवले, तेव्हा ते आधी गंभीर झाले, मग म्हणाले की तक्रार अर्ज असे सुरात आले असते तर निकालीही लवकर निघाले असते. पुढे राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांना उद्देशून रचलेले गीत फर्नांडिस यांनी गोव्यात त्यांच्या समक्षच गायले. वृत्तपत्रांतून औद्धत्याचा ओरडा झाला; पंतप्रधानांनी मात्र, आपल्याला व पत्नीला कार्यक्रम आवडला आणि गीतात वावगे काही दिसले नाही, असे पत्राने कळविले. दोघांच्याही प्रकृतीला शोभणारी ही गोष्ट आहे.

दोष आहेत. सामाजिक विषय आला की फर्नांडिस यांना श्रोत्याच्या बुद्धीवर पुरता विश्वास उरत नाही. म्हणावयाचे ते म्हणून झाल्यावरही ते पुन्हा म्हणतात, आणि गीताचे घोषवाक्य होते. ही सवय पुढल्या संग्रहांत कमी न होता वाढली. गळा लवचिक आहे, पण मोठा नाही. खर्जात तो लवकर कोरडा पडतो. कवितेच्या दृष्टीने पाहता यमकासाठी ओळ वाकविण्याचे प्रकार थोडे नाहीत. कसलेल्या संपादकाने किंवा कंपनीच्या अनुभवी मुद्रकाने यातले बरेच काही काढून टाकले असते. त्याबरोबर त्याने आणखी काय काढून टाकले असते, याचा विचार करताना मात्र आमची लेखणी थबकते. चुका ज्याच्या त्यालाच ठेवू द्याव्यात, असे वाटावयास लावणारी ही कृती आहे.

आणि आम्हांस अस्वस्थ करणारे ते हेच. या नगरात मराठी माणसाची वस्ती जुनी आहे; १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. तोफगाडीचा कारखाना, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, उच्च न्यायालय, रेल्वे, सर्वत्र आपली माणसे नांदली. त्यांतले कित्येक लिहितात. आमच्याकडे येणाऱ्या टपालावरून ते आम्ही जाणतो. पण त्या कवितांत पाऊस पडतो तो सह्याद्रीवर, नदी वाहते ती मुळा-मुठा, आणि संध्याकाळ होते ती दादरच्या चौपाटीवर. नर्मदेच्या वाटेवर यात्रेकरूंच्या तोंडी बंबुलियाचे सूर असतात, गोहलपूरच्या गल्लीतून बुंदेली आणि उर्दू एकमेकींच्या गळ्यात गळा घालून जातात. ते सारे आपल्या कानांवर पडते आणि वहीत मात्र उतरत नाही. उतरले तर पुण्याचे संपादक काय म्हणतील, ही भीती असते. कविता तशीच खणात पडून राहते, बदलीची किंवा निवृत्तीची वाट पाहत. फर्नांडिस मुंबईत शिकले होते, पॅरिस पाहून आले होते. कोणाच्या पसंतीसाठी थांबावे अशी ठिकाणे त्यांना ठाऊक होती. ते शिवोलीत बसले, शिवोलीविषयी गायले, आणि ज्यांच्याविषयी गायले त्यांच्याच दुकानांत कॅसेट नेऊन ठेवली.

ही कॅसेट यशस्वी झाली आणि पुढला इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या गोव्यावरील चित्रपटात ते आले, मोठ्या कंपन्या दाराशी आल्या, १९९५ च्या ‘बॉम्बे’ने त्यांचा आवाज हिंदी मुलखात घरोघर नेला, २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ साली आत्मचरित्र निघाले. त्या प्रसिद्धीच्या गाण्यांत आम्हांस तितका रस नाही. तिथे वाद्ये पुष्कळ आहेत, मुद्रण निर्दोष आहे, खरखर मुळीच नाही.

ज्यांना इंग्रजी गीते खरोखरच रुचत नाहीत त्यांनी त्यांच्या दुसऱ्या संग्रहापासून प्रारंभ करावा. ‘ओल्ड गोअन गोल्ड’ हा १९८५ सालचा. त्यात त्यांनी गोव्याची पारंपरिक कोंकणी गाणी नव्या वाद्यमेळात बसविली आहेत. कोंकणी कानांना सवयीची नसली तरी दुसऱ्या ऐकण्यात अर्ध्याहून अधिक समजते, आणि मांडोची संथ लय रात्री जेवणानंतर ऐकावयास फार चांगली लागते. तो ऐकून झाल्यावर मग पहिल्याकडे वळावे.