लिस्बनच्या दगडांची साक्ष

लिस्बन शहराचे सौंदर्य केवळ जुन्या वैराच्या आठवणीने नाकारणे हे कोतेपणाचे लक्षण ठरेल. तेजु नदीकाठच्या बेलें भागातील जेरोनिमुश मठ व पाण्यात उभा असलेला बुरूज या दोन वास्तू १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपातूनही वाचल्या. मठाचे काम सोळाव्या शतकाच्या आरंभी मानुएल राजाने सुरू केले. समुद्रापारच्या व्यापारावरील शेकडा ५ कराचे उत्पन्न त्यात ओतले गेले. जहाजाचे पिळदार दोर, त्यांच्या गाठी, खलाशांचा खगोलमापक गोल यांनाच येथील कारागिरांनी अलंकाराचे रूप दिले. समुद्रपर्यटन हाच एका शिल्पशैलीचा प्राण व्हावा, ही सामान्य सिद्धी नव्हे.

परंतु कलाकृती ही साक्षीदारही असते. आणि साक्षीदार काय सांगतो याबरोबरच तो काय गाळतो, हेही तपासावे लागते. मठाच्या गाभाऱ्यात राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. बुरुजाच्या एका गुमटीखाली गेंड्याचे झिजलेले मस्तक आहे. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढला व मे महिन्यात लिस्बनला उतरला. तो दृष्टीस न पडताही ड्यूररने त्याचे जगप्रसिद्ध चित्र लाकडी ठशात कोरले. जवळच १९६० साली उभारलेल्या दर्यावर्दींच्या स्मारकावर तेहतीस मूर्ती आहेत. वास्को द गामा त्यांत आहे. पण १४९८ साली मालिंदीहून कालिकतची वाट ज्याने त्याला दाखविली, तो या समुद्राचा जाणता नावाडी त्यांत नाही. आमच्याकडचे पशू दगडात आले. वाट दाखविणारा माणूस मात्र बाहेरच राहिला. या शिल्पांतील खरी उणीव ती हीच होय.

त्याच शतकात गोमंतकातील देवळे पाडली गेली. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास आले. पुढे अंत्रुज महालात जी देवालये उभी राहिली, त्यांच्या घुमटांत व अर्धगोल कमानींत फिरंगी वास्तुकलेची छाया स्पष्ट दिसते. ज्यांच्या अमलाखालून देव हलवावे लागले, त्यांच्या कारागिरीतले चांगले ते आमच्या पूर्वजांनी घेतले. त्यात लाचारी नव्हती. दीपस्तंभ, तुळशीवृंदावन व तळी आपापल्या जागी राहिलीच.

तेव्हा लिस्बनचे दगड हलवावेत, असे आम्ही म्हणत नाही. तेथे जाणाऱ्या गोमंतकीयाने ते डोळे भरून पाहावेत. मात्र ती एका पक्षाची साक्ष आहे, हे ध्यानी ठेवावे. दुसऱ्या पक्षाची साक्ष अंत्रुजात उभी आहे, आणि तिच्याकडे आम्ही स्वतःच क्वचित त्या दृष्टीने पाहतो. देवदर्शन आटोपल्यावर घटकाभर थांबून त्या घुमटांकडे व कमानींकडे पाहण्याची सवय आम्ही मुलांना लावली पाहिजे.