लिस्बनमधलं पाण्याखालचं अरण्य

लिस्बनचं ओशनारियो उभं राहिलं ते 1998च्या जागतिक प्रदर्शनासाठी, आणि त्याचा सगळा डौल समुद्राचा. शार्क, पेंग्विन, समुद्री ऑटर ही तिथली मानाची मंडळी. अशा ठिकाणी एप्रिल 2015मध्ये ताकाशी अमानो या जपानी कलावंताने गोड्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात बहुतेक मासे सोडले ते बोटाच्या दोन पेरांएवढे. टाकी मात्र 40 मीटर लांब, यू अक्षरासारखी वळलेली, 1,60,000 लिटर पाण्याची. ‘पाण्याखालची अरण्यं’ अशा अर्थाचं नाव तिला दिलं गेलं. अमानोची ही शेवटची मोठी रचना ठरली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो गेला.

अमानो मूळचा व्यावसायिक सायकलपटू. पुढे कॅमेरा घेऊन तो अ‍ॅमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका इथली वर्षावनं हिंडला आणि 1982मध्ये जपानच्या नीगातात त्याने मत्स्यालयांचं सामान बनवणारी कंपनी काढली. काचेच्या टाकीत जिवंत झाडं लावणारे त्याच्याआधीही होते. नेदरलँड्समध्ये तर पाणवनस्पतींचे नेटके, पायऱ्यापायऱ्यांचे वाफे लावायची परंपराच होती. अमानोने वाफे मोडले, दगड आणि लाकूड हा रचनेचा कणा केला आणि मोकळ्या जागेला झाडांइतकाच मान दिला.

लिस्बनच्या रचनेत हा कणा भक्कम आहे: अझोर्स बेटांवरचे 25 टन ज्वालामुखी खडक आणि स्कॉटलंड व मलेशियातून आणलेली 78 खोडं. एवढा ऐवज हाताशी असताना तो मिरवायचा मोह कुणालाही झाला असता. अमानो तो झाकतो. खडकांचे सांधे नेच्यांआड जातात, खोडांवर मॉस चढतं, आणि लाकूड कुठे संपतं व झाड कुठे सुरू होतं हे लवकर कळत नाही. 40 मीटरची टाकी एका नजरेत मावतही नाही, ती चालत चालत पाहावी लागते. दाट झाडीनंतर उघडी वाळू येते, तिथे डोळा विसावतो, मग पुन्हा झाडी. वाळूची ही रिकामी जागा नसती, तर 46 जातींच्या वनस्पतींची नुसती गर्दी झाली असती.

मासे लहान का, याचं उत्तरही रचनेतच आहे. टाकीत एखादा हातभर लांबीचा मासा सोडला की खोड लगेच काटकी वाटू लागतं. इथे सुमारे 40 जातींचे 10,000 मासे आहेत, पण एकेकटा जीव इतका छोटा, की त्याच्या मापाने पाहिलं तर लाकडाचा ओंडका वठलेला महावृक्ष होतो. पाहणाऱ्याची उंची माशाएवढी करून टाकणं ही या रचनेची खरी करामत. हीच युक्ती पानांतही दिसते. बारीक पानांचं बुटकं गवत पुढे, उंच आणि रुंद झाडं मागे, त्यामुळे काचेपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर आहे त्याहून कितीतरी जास्त भासतं.

आता बुडबुड्यांकडे पाहू. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत हटकून एक फिश टँक असतो. त्यात प्लास्टिकची झाडं, मागे निळा कागद आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. ते बुडबुडे पंपाचे. अमानोच्या पद्धतीत दिवसा हवेचा पंप बंद ठेवतात, कारण खळबळलेल्या पाण्यातून झाडांसाठी मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. प्रकाश पुरेसा असेल, झाडं जोमाने अन्न बनवत असतील, तर काही तासांनी पाणी ऑक्सिजनने संपृक्त होतं. मग पानात तयार होणारा नवा ऑक्सिजन विरघळत नाही, पानाच्या कडेला मोत्यासारखा टिकून राहतो. एरवी पाण्यावर तरंगणारी रिक्सिया ही वनस्पती अमानोने दगडाला बांधून तळाशी लावली, ती याच मोत्यांसाठी प्रसिद्ध झाली. पंपाचा बुडबुडा सजावट म्हणून विकत आणता येतो. पानावरचा मोती मात्र झाड तंदुरुस्त असेल तरच येतो.

या कलेचं मर्म मला इथे सापडतं. चित्रातला हिरवा रंग खोटा असला तरी सुंदर असू शकतो, टाकीतला असू शकत नाही. इथे जे जे डोळ्यांना सुखावतं ते ते कुठल्या तरी प्रकृतीचं लक्षण असतं. टेट्रा मासे घाबरले की एकमेकांना चिकटून घट्ट थवा करतात आणि त्यांचा रंगही फिका पडतो. निर्धास्त असले की ते पांगतात, झाडांतून आत-बाहेर करतात. त्यामुळे टाकीत मासे सैल विखुरलेले दिसले, तर ती निव्वळ रचनेची शोभा नाही, त्यांना आसरा पुरेसा मिळाल्याची खूण आहे. काचेचा लख्खपणाही तसाच. शेवाळं खाणारी जी जपानी कोळंबी आज जगभरचे शौकीन अमानोच्या नावाने ओळखतात, तिला टाकीत कामाला लावलं ते त्यानेच.

सगळ्यात मोठं काम करणारे जीव तर दिसतच नाहीत. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांच्यासाठी विष. फिल्टरमधले आणि वाळूतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट. झाडं अमोनियाही घेतात आणि नायट्रेटही. जिवाणूंची ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. घरी दोन फुटी टाकी आणून त्याच संध्याकाळी मासे सोडणाऱ्याची टाकी म्हणून फसते: देखावा तयार असतो, पाणी तयार नसतं. लिस्बनचं अरण्य आणि ही दोन फुटी टाकी यांचे नियम एकच. दिवे आठेक तास, खाद्य हात आखडून, दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय ते आत ओतायचं नाही. रसिकाला ही कामं रुक्ष वाटतील, पण पानावरचा मोती याच कामांतून येतो.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. स्कॉटलंडची आणि मलेशियाची खोडं, अझोर्सचे खडक आणि त्यांच्यामधून पोहणारे दक्षिण अमेरिकेचे टेट्रा, असं अरण्य पृथ्वीवर कुठेच नाही. मग याला निसर्ग का म्हणायचं? भूगोलाच्या कसोटीवर ही रचना नापासच होईल. पण तिचा नैसर्गिकपणा नकाशात शोधायचा नसून व्यवहारात शोधायचा: कोण कुणाचं उष्टं खातं, कोण कुणाला श्वास पुरवतं, सावली कुणाची आणि ती कुणाच्या कामाची. तिथे ती कुठेही खोटं बोलत नाही. याउलट रोद्रिगो लेआँवने या दालनासाठी रचलेलं संगीत मला थोडं अनाठायी वाटतं. शांत व्हा, असं ते सांगत राहतं, आणि पाणी तर ते न सांगता करतंच आहे.

अमानोच्या कंपनीने 2001पासून पाणवनस्पतींच्या मांडणीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. तिथे परीक्षण होतं ते छायाचित्रावरून, म्हणजे टाकीच्या ऐन बहराच्या एका क्षणाचं. त्या क्षणासाठी झटणारी रचना फोटोनंतर मोडली तरी चालते. लिस्बनच्या रचनेला ती सवलत नव्हती. दालन उघडून चार महिने व्हायच्या आत तिचा कर्ता गेला, झाडं मात्र वाढतच राहिली. पुढची अनेक वर्षं लोकांनी जे पाहिलं ते अमानोच्या आराखड्यावर दुसऱ्यांच्या कात्रीने घडलेलं अरण्य होतं. कुठलं पान ठेवायचं, कुठली फांदी छाटायची, वाळू किती मोकळी राखायची, हे निर्णय त्या हातांचे. म्हणून अशा कलाकृतीचं श्रेय मांडणाऱ्याइतकंच राखणाऱ्याचंही मानायला हवं. एखादी सुंदर टाकी दिसली, की ती कुणी मांडली हे जाणकार नंतर विचारतो. आधी विचारतो, ती लावून किती दिवस झाले.