अवधूत गुप्ते : संगीतकार ते निर्माता – एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना :
मराठी सुगम संगीतात कलावंताने चाल बांधावी आणि व्यापार ध्वनिमुद्रण कंपनीने करावा, ही श्रमविभागणी दीर्घकाळ रूढ होती. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायद्यात गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित झाला. तत्पूर्वी यशाचा लाभ प्रामुख्याने कंपनीलाच मिळे. या पार्श्वभूमीवर संगीतकाराचे निर्माता होणे हा केवळ धनलोभ नसून स्वायत्ततेचा शोधही ठरतो. अवधूत गुप्ते यांच्या वाटचालीचा विचार या दृष्टीने करावा लागतो.

विवेचन :
वैशाली सामंत यांच्या आवाजातील ‘ऐका दाजिबा’ (२००२) या गीताने लोकसंगीताचा ठेका व आधुनिक वाद्यमेळ यांची सांगड घातली आणि मराठी पॉपला बाजारपेठ असल्याचे सिद्ध केले. मिळालेल्या लोकप्रियतेचे भांडवल गुप्ते यांनी चित्रपटाकडे वळविले. ‘झेंडा’ (२०१०) या त्यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटावर प्रदर्शनापूर्वीच राजकीय आक्षेप घेतले गेले. ‘मोरया’ (२०११) मध्ये गणेशोत्सव मंडळे, तर ‘कान्हा’ (२०१६) मध्ये दहीहंडीची पथके आहेत. तिन्हींच्या केंद्रस्थानी समूहाच्या जल्लोषात वापरला जाणारा तरुण आहे.

हा तरुण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्याला अपरिचित नाही. गाव सोडून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, कंत्राटावर पाळी करणारा हा कामगार मंडळाच्या मांडवात आपली ओळख शोधतो. कारखान्यात तो हजेरीपटावरील क्रमांक असतो. मिरवणुकीत मात्र त्याला नाव असते. ‘झेंडा’चा प्रश्न म्हणूनच येथे अधिक बोचतो.

मात्र ज्या ‘बॉईज’ मालिकेचे (२०१७, २०१८, २०२२, २०२३) गुप्ते प्रस्तुतकर्ते आहेत, तिच्यात हाच तरुण प्रामुख्याने प्रेक्षक म्हणून गृहीत धरलेला दिसतो. द्व्यर्थी विनोदाला मिळालेला प्रतिसाद पुढील भागाचे कारण बनतो. येथे स्वायत्तता टिकते, प्रश्न मात्र मागे पडतो. विशेष म्हणजे यशाच्या झगमगाटात कलावंताचे काय होते, हा विषय गुप्ते यांनीच ‘एक तारा’ (२०१५) मध्ये हाताळला होता.

निष्कर्ष :
कलावंताने उद्योजक होणे हा दोष नव्हे. कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहून ‘झेंडा’ घडणे कठीण होते. तथापि मालकी हे साधन आहे, साध्य नव्हे. बाजाराने दिलेले बळ बाजाराला न रुचणारे सांगण्यासाठी किती वेळा वापरले, यावरच अशा वाटचालीचे वाङ्मयीन व सांस्कृतिक मोल ठरावे.